शब्दाला जामीन

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एरवी हा प्रश्न मला उभ्याउभ्याच विचारला जातो. कार्यक्रम संपलेला असतो, आभार मानून झालेले असतात, माईकवाला वायरी गुंडाळत असतो, आणि गर्दी पांगली की कुणीतरी हळूच जवळ येतं. "मॅडम, मलापण व्याख्यानं द्यायची आहेत. शिबिरं घ्यायची आहेत. पडू का ह्यात?" विचारणारा कधी वक्तृत्व स्पर्धांत बक्षिसं मिळवलेला, डी.एड. झालेला मुलगा असतो. कधी निवृत्तीला दोन वर्षं उरलेले मास्तर. कधी बचत गटातली बाई, जिला पहिल्यांदाच पन्नास जणांपुढं बोलताना आपला आवाज ऐकू आलेला असतो. परवा उचगावकडच्या एका मुलानं विचारलं तेव्हा माझी बस सुटायची वेळ झाली होती. त्याला म्हटलं, लिहून सांगते. ते हे.

मी सतरा वर्षं बेळगावातल्या एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर होते. त्या टेबलानं मला एक गोष्ट पक्की शिकवली: कर्ज घेणाऱ्यापेक्षा जामीनदाराचा चेहरा बघावा. मित्राखातर, पाहुण्याखातर माणूस हसत हसत सही करतो, फॉर्म वाचतही नाही. हप्ते थकले की नोटीस त्याच्या घरी जाते. बोलायला उभं राहणं हे मला त्या सहीसारखं वाटतं. तुम्ही एखाद्या बाईला सांगता, "असं कर, तुझं भलं होईल." ती तसं करते. बुडाली तर कोण भरणार? तुमच्या शब्दाला जामीन कोण?

आपल्याकडं भाषणांचं वेड जुनं आहे, आणि त्याचं मोल चुकवलेली माणसंही आपण पाहिलेली आहेत. एप्रिल १९१६ मध्ये टिळकांची होमरूल लीग बेळगावात स्थापन झाली आणि १ मे रोजी त्यांनी इथंच स्वराज्यावर भाषण केलं. महिन्याभरानं अहमदनगरला आणखी दोन केली. ह्या तीन भाषणांवरून सरकारनं त्यांच्याकडं वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले. त्या काळचे वीस हजार! जिनांनी त्यांची बाजू लढवली आणि नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टानं तो हुकूम रद्द केला, पण शब्दाला जामीन लागतो हे बेळगावच्या भाषणानं तेव्हाच दाखवून दिलं होतं. खासदार बॅरिस्टर नाथ पै सीमालढ्याच्या हुतात्मादिनाच्या सभेसाठी इथं आले आणि १८ जानेवारी १९७१ ला इथंच गेले. अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. माझे वडील त्या सभेची गोष्ट सांगताना मध्येच थांबायचे, आणि आम्ही पोरं त्यांना पुढचं विचारायचो नाही.

अशा गोष्टी ऐकत वाढल्यावर मुलांना वक्ता व्हावंसं वाटणारच. हिवाळ्यात रविवार आला की कडोली, येळ्ळूर, सांबरा, उचगाव, कुठं ना कुठं साहित्य संमेलन असतं. ग्रंथदिंडी निघते, बायका नऊवारी नेसून डोक्यावर कलश घेऊन चालतात, मांडवात पोरंटोरं भाषण ऐकतात. एवढ्या लहान गावांतून माणसं दिवसभर मांडी घालून शब्द ऐकत बसतात ह्याचा मला आजही अभिमान वाटतो. म्हणूनच त्या मांडवात उगाच उभं राहू नये असं मी म्हणते.

माझी स्वतःची सुरुवात चुकीची झाली, ती सांगते.

कर्जाच्या टेबलावर बसून मला दिसत होतं की बायका व्याजाचा दर विचारतात, पण व्याज कशावर लागतं हे विचारत नाहीत. पन्नास हजारांचं कर्ज, दोन वर्षं मुदत, बारा टक्के. फ्लॅट दरानं घेतलं तर व्याज बारा हजार, महिन्याचा हप्ता २,५८३ रुपये. तेच बारा टक्के घटत्या शिल्लकेवर असतील तर हप्ता २,३५४ आणि एकूण व्याज साधारण साडेसहा हजार. फ्लॅटमध्ये तुम्ही मुद्दल फेडत जाता, तरी शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज अख्ख्या पन्नास हजारांवरच मोजलं जातं. म्हणजे सांगायला बारा टक्के, पण पडायला साडेएकवीसच्या वर. हे प्रत्येक घरात कळलं पाहिजे असं मला तळमळीनं वाटायचं. मग एका गावातल्या महिला मंडळानं हळदीकुंकवाला व्याख्यानाला बोलावलं आणि मी गेले.

पाऊण तास बोलले. छान बोलले. सावकारीचा इतिहास सांगितला, आईच्या कनवटीच्या पैशांची गोष्ट सांगितली, दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. शाल मिळाली, नारळ मिळाला, कुंद्याचा पुडा मिळाला. परत येताना बसमध्ये मला वाटलं, हेच आपलं काम. त्यानंतर वर्षभर मी बोलावतील तिथं जात राहिले.

एके दिवशी रविवार पेठेत त्या पहिल्या गावातली एक बाई भेटली. डोळ्यांत पाणी आलेल्यांपैकीच. तिनं मध्यंतरी शिलाई मशीनसाठी कर्ज काढलं होतं, फ्लॅट दरानं. मी म्हटलं, "अगं, मी त्या दिवशी एवढं सांगितलं होतं की!" ती म्हणाली, "लई बेस बोल्लासा बाई तुमी. पण तवा आमच्या हातात कागद कुटं होता? आनि कागद हातात आला तवा तुमी कुटं होतासा?"

ती रागानं बोलली नव्हती. तिच्या पिशवीत शेपू होता, त्यातली एक जुडी मला देऊनच ती पुढं गेली. मी मात्र त्या रात्री जेवले नाही. टाळ्या मला मिळाल्या होत्या आणि हप्ते ती भरत होती.

तिथून मी व्याख्यानं बंद केली आणि शिबिरं धरली. लोकांना हे दोन्ही एकच वाटतं, पण ते तसं नाही. व्याख्याता शंभर गावांना एकदा जातो. शिबिर घेणारा एका गावाला अनेकदा जातो. व्याख्यात्याचं काम आभार मानले की संपतं, शिबिरवाल्याचं तिथून सुरू होतं. दोन्ही कामं मोलाची आहेत, शरीरानं आणि स्वभावानं वेगळी आहेत. तुम्ही ह्यात पडायचं ठरवत असाल तर आधी एवढंच ठरवा की तुम्हाला ह्यातलं कोणतं करायचंय. मला विचाराल तर आपल्या भागात चांगले वक्ते पुष्कळ आहेत आणि परत जाणारे फार कमी.

शिबिर म्हणजे माझ्याकडं काय असतं, ते सांगते. पंचवीस बायका, जास्त नाही. प्रत्येकीनं स्वतःचं पासबुक आणि कर्जाचा कागद आणायचा. नसेल तर शेजारणीच्या कागदावर बसायचं. अकराला सुरू, कारण त्याआधी घरचं आवरत नाही. साडेचारला संपवायचंच, कारण डेअरीला दूध घालायचं असतं. खानापूरकडं रोप लावणीच्या दिवसांत शिबिर ठेवायचं नाही. निपाणीकडं तंबाखूच्या कामाची घाई असते तेव्हा नाही. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही, रिकाम्या सतरंज्यांनी सांगितलं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून तालुक्याच्या गावी शिबिर ठेवलं तरी चार गावांतल्या बायका येतात. पूर्वी तिकिटाचे पैसे नवऱ्याकडं मागावे लागत, आणि तिथंच शिबिर संपायचं.

पहिला तास मी बोलतच नाही. कागद वाचायला सांगते. इथं आपल्या भागाची एक गंमतीची नव्हे, कामाची गोष्ट आहे. बऱ्याच कागदांवर कन्नड असतं आणि बायका "आम्हाला येत नाही" म्हणून कागद मिटतात. मग मी फळ्यावर लिहिते: खाते, सही, जमा, बाकी. हे शब्द तिकडंही तेच आहेत. खर्च तिकडं खर्चु होतो. उरले तीन: साला म्हणजे कर्ज, बड्डी म्हणजे व्याज, कंतु म्हणजे हप्ता. एवढ्या शब्दांवर अर्धा कागद उघडतो. मराठी ही माझी आईची भाषा आहे, तिच्यासाठी जे करायचं ते मी करतेच. पण ज्या कागदावर आपली सही आहे तो वाचता आलाच पाहिजे, मग तो कुठल्याही भाषेत असो. सीमाभागात लोकांपुढं उभं राहणाऱ्याला कन्नड वाचता येत नसेल तर त्यानं आधी ते शिकावं, असं मी प्रत्येकाला सांगते. काहींना ते आवडत नाही. तरी सांगते.

दुपारी जेवण. भाकरी, आमटी, भात, ज्या त्या घरून आलेलं. खरे प्रश्न जेवतानाच येतात. मांडवात "नवऱ्यानं माझ्या नावावर कर्ज काढलंय" असं कुणी म्हणत नाही. ते आमटी वाढताना कानाशी येतं. वक्तृत्व स्पर्धेतल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. तुम्ही सात मिनिटं बोललात, घंटा झाली, परीक्षकांनी गुण दिले. तिथं तुम्हाला कुणी प्रश्न विचारला नाही. शिबिरात बाई विचारते, "मग आता मी काय करू?" आणि पंचवीस जणी तुमच्या तोंडाकडं बघतात. मला माहीत नसेल तर मी "माहीत नाही, विचारून पुढच्या खेपेला सांगते" म्हणते. पुढच्या खेपेला जावंच लागतं, मग.

तीन महिन्यांनी मी त्याच गावाला परत जाते. फ्लेक्स नाही, शाल नाही. किती जणींनी दर विचारला, किती जणींनी व्याज कशावर लागतं ते विचारलं, एवढंच बघते. कधी पंचवीसांत चार निघतात. वाईट वाटतं. मग त्या चौघींनाच पुढच्या शिबिराला फळ्यापाशी उभं करते. माझ्यापेक्षा त्यांचं ऐकतात.

पैशांचं विचारता, तेही सांगते, कारण ते लपवणं बरं नाही. गावातल्या शिबिरांवर घर चालत नाही. पहिली दोन वर्षं मी पतसंस्थेत अर्धा वेळ होते, नोकरी तोडली नव्हती. आज माझं घर चालतं ते उद्यमबागेतल्या फाउंड्रींत आणि कारखान्यांत कामगारांसाठी जी सत्रं घेते त्यांवर. तिथं मानधन ठरलेलं असतं, त्यातून दहा टक्के टीडीएस कापून चेक येतो, तो रिटर्न भरताना हिशेबात धरायचा. गावात "तुमची अपेक्षा काय?" म्हणून विचारतात तेव्हा लाजू नका. आकडा सांगा किंवा "फक्त प्रवासखर्च" म्हणा. "तुम्ही द्याल ते" म्हणू नका. त्यानं बोलावणारा संकोचतो आणि तुम्ही मनात कुढता. कीर्तनकारांची बिदागी आपल्याकडं पूर्वीपासून सन्मानानं दिली जाते, त्यात कमीपणा काही नाही. वर्षभराच्या घरखर्चाएवढी गंगाजळी बाजूला नसेल तर नोकरी सोडू नका. लग्नाची, घराची जबाबदारी असलेल्या पोरांना हे मी दोनदा सांगते.

मास्तरांसाठी वेगळी वाट आहे. आपल्याकडं दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी व्याख्यानमाला होतात. कर्नाटकातल्या दहावीत, म्हणजे एसएसएलसीत, पहिल्या भाषेला १२५ गुण असतात, आणि तिथं चांगलं शिकवणारा माणूस मुलाचा निकाल खरोखर हलवतो. तीस वर्षं वर्गात घालवलेल्या शिक्षकानं "यशाची गुरुकिल्ली" वगैरे विषय घेऊन गावोगाव फिरण्यापेक्षा व्याकरणाचा एक धडा घेऊन फिरावं. त्याच्या शब्दाला तीस वर्षांचा जामीन आहे. यशावर बोलायला जामीन कुठून आणणार?

उचगावच्या मुलाला मी पहिल्यांदा हेच विचारलं होतं, "बोलणार कशावर?" तो म्हणाला, "मॅडम, कशावरही बोलू शकतो." आवाज त्याचा खरंच सुरेख आहे, उच्चार स्वच्छ, हातवारे बेताचे. मी पुन्हा विचारलं, "तू केलेलं असं काय आहे?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, घरी काजू आहे. वडील पीक झाडावर असतानाच बाग ठोक रकमेला देऊन टाकतात, उक्ती. ह्या वर्षी त्यानं स्वतः बिया गोळा करून, वाळवून, वजन करून विकल्या आणि सगळा हिशेब वहीत मांडला. उक्त्यापेक्षा किती सुटले, मजुरी किती गेली, पावसानं किती काळ्या पडल्या, सगळं. हे सांगताना त्याचा तो स्पर्धेतला आवाज गेला. तो अडखळत बोलत होता आणि मी बस चुकायची वेळ आली तरी ऐकत होते.

तर बाळा, ती वही घेऊन ये. माझं पुढचं शिबिर खानापूर तालुक्यात आहे, रोप लावणी आटोपली की. तारीख कळवीन. बेळगावहून नऊची बस धरायची. तुला तिथं बोलायला देणार नाही. सतरंज्या घालायच्या, पासबुकं बघून कंतूचे आकडे मांडून द्यायचे आणि तीन महिन्यांनी माझ्याबरोबर परत यायचं. काजूच्या हिशेबाचं त्याच्या पुढच्या शिबिरात बघू. बाकीच्या विचारणाऱ्यांनीही यायचं असेल तर यावं. कॅल्क्युलेटर आपापला आणावा, तिथं मोबाईलला रेंज नसते.