ही गाडी कारल्याला थांबणार नाही

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शिका काढली. दोन हजार कॅलरींच्या आहारात दिवसभरात काय किती असावं, याचा तक्ता त्यात आहे. धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम. अंडी-मासे खाणाऱ्यांनी तेही याच ८५मध्ये धरायचे. सगळं वजन कच्चं, शिजवण्याआधीचं.

आम्ही घरात तिघी. पंच्याऐंशी त्रिक दोनशे पंचावन्न. म्हणजे रोज पाव किलो डाळ.

"पाव किलो?" चिपळूण ओरडली. "आमच्याकडे एवढी डाळ सत्यनारायणाला शिजते!"

"आमच्याकडं एवढी एकट्या आजोबांना लागते," उदगीर म्हणाली, आणि ती खरंच सांगत होती.

ही अर्थात गावांची नावं आहेत. घणसोलीच्या आमच्या वन-बीएचकेत कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. मी जामनेर. उदगीर महापेला एका कंपनीत क्वालिटी चेकिंगला आहे, चिपळूण ठाण्यात लॅबमध्ये, मी रबाळ्याला अकाउंट्सला. तिघींच्या वेळा वेगळ्या, पगार बेताचे, भाडं दांडगं. स्वयंपाकाचे वार वाटून घेतलेत आणि रविवारी तिघी मिळून.

आकडेमोड सुरू झाली ती उदगीरच्या रिपोर्टवरून. कंपनीच्या वार्षिक तपासणीत तिचं हिमोग्लोबिन साडेनऊ आलं. बाईमाणसाचं निदान बारा तरी हवं. चिपळूण रोज असले रिपोर्ट टाइप करते, पण हा वाचून तिचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि खाण्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. गोळ्या उदगीर घेणारच होती. खाण्याकडे मात्र तिघींनी लक्ष द्यायचं ठरलं, कारण रक्त एकीचं कमी असलं तरी चूल तिघींची आहे.

रात्री बाहेरून मागवलं की माणशी दीडशे रुपये सहज जातात. मैद्याच्या दोन रोट्या आणि तेलावर तरंगणारी भाजी. तिघींचे साडेचारशे, तेही एका जेवणाचे. एवढ्यात आमच्या घरात आठवड्याची डाळ-कडधान्यं येतात आणि वर भाजीलाही पैसे उरतात. हा हिशेब मी वहीत मांडून फ्रीजवर चिकटवला आहे. अकाउंट्सवाली घरात असल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

स्वस्त आणि सकस जेवणाबद्दल माझं म्हणणं एकच: ते रोज झालं पाहिजे. आठवड्यातून एकदा केलेल्या सॅलडने रक्त वाढत नाही आणि पैसेही वाचत नाहीत, कारण उरलेला पालक फ्रीजमध्ये सडून जातो. आणि रोज व्हायचं तर करताना मजा आली पाहिजे. रात्री आठला ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून उतरलेल्या बाईला पौष्टिक आहाराचं भाषण ऐकवून ओट्यापाशी उभं करता येत नाही. हसवलं तर ती येते, कांदा चिरायला घेते आणि बोलता बोलता पोळ्याही लाटून टाकते.

आमच्याकडे हे खातं उदगीरचं. तिचा वार असला की ती पळी तोंडाशी धरते आणि स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात सुरू होते: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. शेगडी क्रमांक दोनवर येणारी पुढील गाडी, आठ वाजून चाळीस मिनिटांची, दुधीमार्गे मसूरला जाणारी धीमी गाडी आहे. ही गाडी कारल्याला थांबणार नाही."

बाथरूममधून चिपळूणच्या टाळ्या ऐकू येतात. तिला कारलं बघवत नाही.

गॅस संपला, मीठ जास्त झालं, कुकरची शिट्टी अडकली, की "होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." मग चिडणार कोण आणि कुणावर? त्या दुधी-मसूराचं मात्र सांगितलंच पाहिजे. सालासकट अख्खा मसूर भिजवावा लागत नाही. कुकरमध्येच लसूण-जिऱ्याची फोडणी करायची, दुधीच्या मोठ्या फोडी आणि धुतलेला मसूर घालायचा, हळद-तिखट-मीठ, पाणी आणि चार शिट्ट्या. भांडं एक, गॅस थोडा. दुधीची सालं टाकायची नाहीत. बारीक चिरून तीळ आणि हिरव्या मिरचीबरोबर कुरकुरीत होईतो परतली की चटणी होते, आणि ती चटणी संपवायला चिपळूण भाजीआधी पोळी घेऊन बसते.

बाकीच्या कडधान्यांसाठी आमच्या घरात एकच नियम आहे: जी शेवटी झोपेल तिने भिजत घालायचं. मटकी, मूग, चवळी, हरभरे, काय मिळेल ते. सकाळी पाणी काढून ओल्या पंचात घट्ट बांधायची. नवी मुंबईच्या दमट हवेत मटकीला रात्रीपर्यंत कोंब दिसायला लागतात, दुसऱ्या सकाळी चांगले लांब होतात. पावसाळ्यात जरा जपावं लागतं. पुरचुंडी सोडून दिवसातून दोनदा गार पाण्याने धुवावी, नाहीतर मटकी चिकट होते आणि वास धरते.

मोडांचं महत्त्व चिपळूणने समजावलं. कडधान्यात लोह असतं, पण त्यातलं फायटिक ॲसिड ते धरून ठेवतं, त्यामुळे शरीराला पुरतं मिळत नाही. भिजवून मोड आणले की फायटिक ॲसिड कमी होतं.

"म्हणजे घरमालक आणि डिपॉझिट," उदगीर म्हणाली. आम्ही इतकं हसलो की शेजारच्या काकूंनी दार उघडून पाहिलं. पण ती गोष्ट तिघींच्याही डोक्यात कायमची बसली.

मोड आल्यावर क जीवनसत्त्वही तयार होतं आणि ते लोह शोषायला मदत करतं. शिजवताना त्यातलं बरंचसं जातं, म्हणून लिंबू ताटात घेऊन वरून पिळायचं, शिजताना घालायचं नाही. चहाचं उलट आहे, तो लोहाच्या आड येतो. उदगीरला जेवण झाल्या झाल्या कपभर चहा लागायचा. "चहा नाही तर जेवायचं कशाला?" असं तिने अगदी मनापासून विचारलं होतं. शेवटी चिपळूणने चहाच्या डब्यावर कागद लावला: "ही गाडी एक ते दीड तास उशिराने धावत आहे." उदगीर वाचून हसली, आणि मग तिच्याच भाषेत सांगितलेलं तिला नाकारता येईना.

तीन गावांच्या तिघी एकत्र राहतात याचा सगळ्यात मोठा फायदा ताटात होतो. मी घरून कळण्याचं पीठ आणते: ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळलेले, मीठही त्यातच. धान्यात लायसिन हा प्रथिनाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिऑनिन हा दुसरा घटक कमी, तो धान्यात मिळतो. दोन्ही एका भाकरीत आले की प्रथिनाची जोडी पुरी होते. अशी भाकरी, वांग्याचं भरीत आणि कच्चा कांदा असला की आमच्याकडे कुणाला दुसरं काही लागत नाही. आणलेलं पीठ संपलं की इथल्या चक्कीवर दळून आणते. चक्कीवाले काका उडीद बघून आधी कपाळाला हात लावतात, मग शेवटी का होईना दळून देतात.

उदगीरची आई येसर पाठवते. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ. रात्री दहाला घरी पोचलेल्या माणसाने लसणाची फोडणी करावी, पाणी घालावं, मूठभर येसर त्यात कालवून सोडावा, दहा मिनिटांत आमटी. भूक लागलेल्या माणसाचा हात फोनवरच्या पार्सलच्या ॲपकडे जायच्या आत ती उकळलेली असते. माझ्या मते घरात असा एक जिन्नस हवाच, कारण पैसे उधळतात ते थकलेल्या रात्री.

चिपळूणकडून कुळीथ येतो, आणि सुका जवळा. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, तेव्हा हा जवळाच आमचा आधार. बाकी वर्षभर आम्ही मांदेली आणि बांगडे घेतो. सुरमई-पापलेटच्या वाटेला जात नाही. बांगड्यात कसलीही कमी नसते, हे मी आता कुणाशीही वाद घालून सांगेन.

भाजी आणतो संध्याकाळी उशिरा. आठ-साडेआठनंतर टोपल्या रिकाम्या करायची घाई असते, तेव्हा भाजी वाट्यांनी मिळते. तिघींच्या ४०० ग्रॅमच्या हिशेबाने रोज सव्वा किलो भाजी लागते, आणि ती तोंडचा भाव देऊन आणली तर महिनाअखेर धरत नाही. मुळा घेताना मावशी सवयीने पाला तोडून टाकायला लागल्या, तेव्हा उदगीरने त्यांचा हात धरला.

"मावशी, पाला राहू द्या."

"का गं, ससा पाळलाय काय?"

"चिपळूण पाळलीय. पाल्यावरच राहते."

मावशी इतक्या हसल्या की आणखी दोन जुड्यांचा पाला पिशवीत घातला. आता आम्ही दिसलो की "सशाचं घेऊन जा" म्हणून बाजूला ठेवलेला पाला देतात, पैसे घेत नाहीत. तो बारीक चिरायचा, भिजवलेली मूगडाळ, भरपूर लसूण आणि हिरवी मिरची घालून झाकण न ठेवता परतायचा. डाळ मोडायला नको, बोटाने दाबली तर दबायला हवी. फ्लॉवरचे कोवळे देठ आम्ही सांबारात टाकतो, कोथिंबिरीच्या दांड्या वाटणात. पावसाळ्यात डोंगराकडच्या बायका टाकळा घेऊन बसतात. त्याची कोवळी पानं चणाडाळ आणि लसूण घालून केली की दोन महिने मेथीची आठवण येत नाही. तो वाटा घेताना घासाघीस करायची नाही, हाही घरातला नियम आहे. पहाटे उठून रानात जाऊन खुडलेली भाजी असते ती.

तेलाच्या २७ ग्रॅमनेही आमच्याकडे बरीच करमणूक केली. तिघींचे महिन्याचे होतात जवळपास अडीच किलो. जामनेरच्या हाताला हे पटणं अवघड, आमच्याकडे भाजीवर तर्री दिसली पाहिजे. चिपळूणने तेलाच्या बाटलीवर मार्करने आठवड्याच्या रेघा मारल्या. मी फोडणीला बाटली उचलली की मागून आवाज येतो, "फलाट आणि गाडी यांतील अंतराकडे लक्ष द्या." मी हसते आणि चमच्याने मोजून घालते.

तीन महिन्यांनी उदगीरची पुन्हा तपासणी झाली. अकरा पूर्णांक दोन. श्रेय आधी गोळ्यांचं, त्या तिने एकही दिवस चुकवल्या नाहीत. पण त्या संध्याकाळी तिने पळी हातात घेतली आणि "हिमोग्लोबिन एक्सप्रेस बारा नंबरच्या फलाटाकडे रवाना होत आहे" असं सांगितलं, तेव्हा चिपळूण आणि मी तिच्या गळ्यात पडलो.

बऱ्याच जणींनी मला कुळथाच्या पिठीचं विचारलंय, म्हणून तीही लिहिते. शंभर ग्रॅम कुळथात बावीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. तिघींना चार मोठे चमचे पीठ आणि तीन भांडी पाणी पुरतं. कढईत चमचाभर तेल, मोहरी, हिंग, सहा-सात ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या. लसूण कडेने तांबूस झाला की हळद, तिखट आणि लगेच पाणी. त्यात दोन-तीन आमसुलं आणि मीठ. पीठ वाटीत गार पाण्यात कालवून घ्यायचं, कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या ठरलेल्याच. पाण्याला उकळी आली की एका हाताने ते ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. आधी कच्चट वास येतो, घाबरू नये. पाच-सात मिनिटं मंद आचेवर रटरटली की वास बदलतो, भाजल्यासारखा खमंग होतो, आणि पिठी पळीवरून सलग धारेने पडायला लागते. वरून खोबरं, कोथिंबीर. गरम भातावर घ्यायची, बाजूला भाजलेला पापड.

उरली तर सकाळी ती घट्ट होते. भातासाठी डब्यात न्यायची असेल तर कढत पाणी घालून सारखी करा. भाकरीसाठी नेणार असाल तर तशीच राहू द्या.