आमच्या खोलीत समोरची सोसायटी

ऑफ-व्हाइट हा रंग आवडतो म्हणून कुणी देत नाही. घरातल्या चार माणसांची चार मतं झाली, चौघंही दमली, की ज्याच्यावर कुणाचाच आक्षेप उरलेला नसतो असा हा रंग बिनविरोध निवडून येतो. शेड कार्डात त्याला भारी भारी नावं असतात, मोती काय, हस्तिदंत काय. पण ओळखीच्यांकडे चहाला गेलं की कळतं, सगळीकडे तोच आहे. सोफा बदलतो, पडदे बदलतात, भिंत तीच.

म्हणून मागच्या खोलीचा विषय निघाला तेव्हा मी सुरुवातीलाच सांगून टाकलं, काहीही द्या, ऑफ-व्हाइट नको. नवऱ्याने विचारलं, "बरं, मग काय?" गोची इथेच आहे. काय नको ते प्रत्येकाला पाठ असतं; काय हवं असं विचारलं की माणूस शेड कार्ड मागवतो.

गावच्या घरात हा प्रश्नच नव्हता. दिवाळीआधी चुना लागायचा, संपला विषय. कळीचा चुना पिंपात टाकून वर पाणी ओतलं की तो खदखदायला लागायचा आणि आम्हा पोरांना लांब पिटाळलं जायचं. निवला की गाळून त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ. कुंच्याने मारताना भिंत नुसती ओलसर, करडी दिसायची; चुना लागलाय की नाही हेच कळायचं नाही. मग तो वाळत जायचा, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत पुन्हा चुनखडीच्या वळणावर जायचा, आणि सकाळी उठून पाहावं तर घर लख्ख. खाली गुडघाभर उंचीचा गेरूचा पट्टा. नीळ जरा जास्त झाली का, एवढीच काय ती चर्चा, आणि ती आजी करायची.

शहरात आलो तेव्हा डिस्टेंपरचं राज्य होतं: फिका निळा, पिस्ता, गुलाबी, फार हौस असेल तर पिवळा. नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात एशियन पेंट्सचा गट्टू असायचा, कपाळावर केसांची झुलपं, हातात ब्रश. कंपनी मुंबईचीच, चार मित्रांनी १९४२ मध्ये काढलेली. आणि तो खट्याळ पोरगा १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी काढला हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा त्या दुकानातले सगळे रंग एका कागदावर मावायचे. दुकानदार तो कागद काउंटरवर ठेवून दुसऱ्या गिऱ्हाइकाला खिळे मोजून द्यायला जायचा, आणि तो परत येईपर्यंत आपलं ठरलेलं असायचं.

आता दुकानात मशीन आहे. शेडचा नंबर दाबला की बेसच्या, म्हणजे रंग मिसळण्याआधीच्या पेंटच्या, डब्यात वरून रंगद्रव्यं मोजून पडतात, मग डबा दुसऱ्या यंत्रात घालून गदगदा हलवतात, आणि हजारांतला आपला रंग पाच मिनिटांत हातात. गडद शेडसाठी बेसही वेगळा असतो. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे झाकायचं काम करणारी पांढरी पूड, कमी घातलेली असते. त्यामुळे गडद रंग, त्यातही लाल-पिवळे, खालची भिंत चटकन झाकत नाहीत. "तीन हात लागतील ताई," असं पेंटर म्हणतो तेव्हा तो दर वेळी बिलच वाढवत असतो असं नाही.

शेड कार्डावरचा चौकोन पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यावरून दहा बाय बाराच्या खोलीचा अंदाज बांधायचा म्हणजे धाडसच. लहान चौकोनात सौम्य वाटणारा रंग चारी भिंतींवर चढला की अंगावर येतो, कारण भिंती एकमेकींवरही उजेड टाकतात आणि रंग आणखी पिकतो. त्यात दुकानातली ट्यूब पांढरीफटक, ६५०० केल्व्हिनवाली (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा लहान तितका उजेड पिवळा); आमच्या घरी संध्याकाळी लागतात पिवळसर, ३००० च्या आसपासचे दिवे. दुकानात जो करडा होता तो घरी येईपर्यंत चहात बुडवलेल्या मारी बिस्किटाचा झालेला असतो. रिक्षात काही झालेलं नसतं. दिवा बदललेला असतो.

तेव्हा छोटे डबे आणून नमुने लावायचे. इथे एक आगाऊ सल्ला देते: नमुना थेट भिंतीवर लावू नका. जुन्या रंगाच्या शेजारी बसला की तो खोटं बोलतो. मोठ्या ड्रॉइंग शीटवर दोन हात मारा आणि शीट खोलीभर फिरवा, खिडकीशी, कोपऱ्यात, कपाटामागे. एका राखाडी नमुन्याने आम्हाला असंच छळलं. खिडकीपाशी सभ्य राखाडी, आणि आईंच्या सागवानी कपाटाला टेकवला की निळसर. ही तक्रार जुनी आहे. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई बघायचा. काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही म्हणून लोक त्याच्यापाशी आले. त्याने तपासलं तर रंगात दोष नव्हता. शेजारी विणलेले निळे-जांभळे धागे काळ्याचं तेज खात होते. त्यावर त्याने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. आमच्याकडे ग्रंथ निघाला नाही, पण कपाट हलवायचं का यावर दोन रात्री गेल्या. कपाट हललं नाही. ते आईंच्या लग्नातलं आहे.

आई या सगळ्यात शांत होत्या. फिका आकाशी नमुना दाखवला तर म्हणाल्या, "पांढराच तर आहे, त्यात काय बघायचं?" लेकीला तो सरळ निळा दिसत होता. दोघींनी एकमेकींकडे दयेने पाहिलं. आणि खरं तर दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या: वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा उजेड कमी पोचतो. म्हणजे ज्या खोलीत आजी आणि नात दोघी झोपणार, तिला एक रंग देताच येत नाही. दोन येतात, एकाच डब्यातून.

पण आमच्या निवडीतला खरा मतदार घराबाहेर निघाला. खोलीची खिडकी उत्तरेला. उत्तरेचा उजेड एकसारखा, थंड, असं सगळे सांगतात, आणि आमच्या समोर मोकळं मैदान असतं तर ते खरंही ठरलं असतं. समोर वीस-पंचवीस फुटांवर दुसरी सोसायटी आहे. तिची आमच्याकडची भिंत दक्षिणमुखी. पुण्यात दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे थंडीभर तिच्यावर जवळपास दिवसभर ऊन. आणि या सोसायटीने पावसाळ्यानंतर स्वतःला विटकरी रंग दिला. नुसता विटकरी नाही, कडक विटकरी. परिणाम असा की दहाच्या सुमाराला तो उजेड आमच्या खिडकीतून आत येतो आणि छतापर्यंत सगळं किंचित लाजल्यासारखं होतं. पीच नावाचा जो नमुना आम्ही कधीच बाद केला होता, तो न लावता मिळाला होता.

पेंटरने हे माझ्याआधी ओळखलं. सोलापूरकडचा माणूस, शीटकडे पाहिलंसुद्धा नाही, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "ताई, गुलाबीकडचं काय घेऊ नका, समोरचं लाल मारतंय. हिरव्याकडं सरका." तेवढं सांगून तो दाराकडे वळला आणि पॉलिश पेपर पाण्यात भिजवायला लागला. जुन्या दारांचा ऑइल पेंट तो कोरडा घासत नाही, धूळ उडू देत नाही, हे मला आवडलं. आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त चालत नाही. आमची दारं त्याच्या पुष्कळ आधीची. त्यांच्यावर कोणत्या काळाचे किती थर आहेत कोण जाणे. लेकीला त्या दिवशी मैत्रिणीकडे पाठवली.

मग आम्ही हिरव्याकडे सरकलो. शेवाळी आणि राखाडी यांच्या मधला, फिकाच, पण ठामपणे हिरवा. लांबी भरून झाली, घासून झालं, प्रायमर झाला, पहिला हात लागला आणि नवरा म्हणाला, "हा आपण निवडला तोच ना?" इमल्शन, म्हणजे हा पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, ओला असताना दुधाळ दिसतो, वाळला की चढतो. चुन्याच्या अगदी उलट. दुसऱ्या हातानंतर सकाळी आठला खोली खरंच शेवाळी झाली होती, अगदी मनातली. मी फोटो काढून बहिणीला पाठवला. दहा वाजता समोरच्या भिंतीवर ऊन आलं. लाल उजेडाने हिरवा खाल्ला, हिरव्याने लाल खाल्ला, आणि उरला तो रंग बघून नवरा काही बोलला नाही, फक्त पेपर दुमडून माझ्याकडे पाहत राहिला. बहिणीचा मेसेज आला, दुपारचा फोटो बघून: "शेवटी ऑफ-व्हाइटच का?"

संध्याकाळी दिवे लागले की वेगळाच हिशोब असतो, तो सांगत नाही. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येईल, समोरच्या भिंतीला ऊन घसटूनच जाईल, तेव्हा दुपारीही हिरवा टिकेल असा माझा अंदाज आहे. म्हणजे रंगाला आठ महिने सुट्टी आणि चार महिने हजेरी, किंवा उलट.

आता आमच्याच इमारतीला बाहेरून रंग द्यायचा घाट घातलाय. नोटीस बोर्डावर सूचना मागवल्यात. मी लेखी दिलं आहे की समोरच्यांच्या खोल्यांचा विचार व्हावा आणि शक्यतो पांढऱ्याजवळचं काहीतरी घ्यावं. सेक्रेटरींनी अर्ज वाचून विचारलं, "त्यांच्या खोल्यांचा आपल्याशी काय संबंध?" मी त्यांना सकाळी दहा वाजता घरी चहाला बोलावलं आहे. कमिटीत सध्या चॉकलेटी आणि मोहरी या जोडीचं पारडं जड आहे.