चेटकिणी, बहिणी आणि मताधिकार

चेटूक, बहिणींचे नाते आणि स्त्रियांचे हक्क ही सूत्रे एकत्र गुंफणारी अद्भुतरम्य कादंबरी वाचताना ही सांगड ओढूनताणून घातल्यासारखी वाटू शकते. प्रत्यक्षात ती जुनी आहे. अमेरिकेतील मताधिकार चळवळीच्या एक नेत्या मॅटिल्डा जोसलिन गेज यांनी १८९३ मधील आपल्या ग्रंथात असे मांडले होते की, चेटकीण ठरवलेल्या स्त्रिया या त्यांच्या काळातील जाणत्या स्त्रिया होत्या आणि चर्चला भय होते ते त्यांच्या ज्ञानाचे. त्यांनी दिलेला नव्वद लाख बळींचा आकडा मात्र टिकला नाही. आजचे इतिहासकार युरोपपुरता तो साधारण ४० ते ६० हजार मानतात.

बहिणींचे सूत्रही इतिहासात सापडते. १६९२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या सेलम गावात रिबेका नर्स, मेरी ईस्टी आणि सारा क्लॉइस या तीन सख्ख्या बहिणींवर चेटकाचा आरोप झाला. रिबेका यांना ज्यूरीने आधी निर्दोष ठरवले होते. पण पुन्हा विचारलेला एक प्रश्न वयामुळे कमी ऐकू येणाऱ्या त्या वृद्धेला ऐकूच आला नाही, आणि तिचे मौन हाच पुरावा मानला गेला. त्या फासावर गेल्यानंतर मेरी यांनी न्यायाधीशांना अर्ज लिहिला, तो स्वतःचे प्राण वाचवण्यासाठी नव्हे, तर यापुढे निरपराधांचे रक्त सांडू नये म्हणून. त्यांनाही फाशी झाली. सारा तेवढ्या वाचल्या.

कादंबरीकार अशा बहिणींच्या हाती मंत्र देतात, ते मला मुळीच अतिशयोक्त वाटत नाही. खटकतो तो एकरंगी खलनायक, कारण सेलमच्या ज्यूरीत बसलेली माणसे अगदी साधी होती.