या ग्रुपवर पाण्याचं विचारू नये

मागच्या महिन्यात मला आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर समज मिळाली. शब्द गोड होते, शेवटी हसरा चेहराही होता, पण समज ती समजच. "हा ग्रुप यासाठी नाही." आणि मी विचारलं काय होतं? पाणी किती चढणार आणि कधी उतरणार, एवढंच. सांगलीच्या गावभागात, म्हणजे कृष्णेकाठच्या जुन्या वस्तीत वाढलेल्या बाईला नदीकाठी राहून हे विचारायची चोरी म्हणजे काय, ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

आम्ही रॉटरडॅमच्या मधोमध राहतो. न्यूवे मास नदीत नोर्डरआयलंड नावाचं लांबट बेट आहे, त्यावर. दोन्ही काठांना पूल, बाजूला रेल्वेचा जुना उचलता पूल, खिडकीखालून दिवसभर बार्ज जातात. घर बघायला आलो तेव्हा दाखवणारी मुलगी ओव्हनचं कौतुक करत होती आणि मी जिन्याखालच्या भिंतीवर पाण्याची रेघ शोधत होते. रेघ नव्हती. नवरा म्हणाला, "ही नेदरलँड्स आहे, इथे पाणी विचारून आत येतं." तो साताऱ्याचा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला पुराबद्दल मत असण्याचं कारण नाही, तरी त्याला ते असतं. कोयना धरण यांच्या जिल्ह्यात, पाण्याचा विसर्ग यांच्याकडून, आणि सांगलीत चढत्या पाण्याचे फूट मोजायचे आम्ही! लग्नाच्या याद्या झाल्या तेव्हापासून हा वाद चालू आहे.

राहायला आल्यावर कळलं की हे बेट बंधाऱ्याच्या बाहेर आहे. म्हणजे शहर बंधाऱ्याच्या आत सुरक्षित, आणि आम्ही काही हजार माणसं नदीच्या बाजूला. इथला नियम असा की बंधाऱ्याबाहेर राहणाऱ्याने आपल्या सामानाची आणि नुकसानीची काळजी स्वतः घ्यायची. पंचनामा नाही, सानुग्रह अनुदान नाही, रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन रांग नाही. हे वाचून मी दोन दिवस गप्प होते.

समुद्राच्या तोंडाशी मास्लांटकेरिंग नावाचं एक अजस्र दार आहे. त्याचे दोन पंखे, प्रत्येकी २१० मीटर लांब. १९५३ च्या फेब्रुवारीत एका रात्रीत समुद्र आत शिरला आणि या देशात १,८३६ माणसं गेली. त्यानंतर जी बांधकामं सुरू झाली त्यातलं हे शेवटचं मोठं, १९९७ मध्ये पुरं झालेलं. ते बंद कधी करायचं हे कुठला मंत्री ठरवत नाही, संगणक ठरवतो. रॉटरडॅमला पाणी तीन मीटरच्या वर जाणार असा अंदाज आला की दार लागतं. २०२३ च्या २१ डिसेंबरला ते असंच आपोआप लागलं होतं. पण अंदाज तीन मीटरच्या आतला असेल तर दार उघडंच राहतं. मग आमच्या बेटाचा धक्का ओला झाला तर होऊ द्यायचा. शहराची धोका पातळी एक, आमची दुसरी. सांगलीतल्या नदीलगतच्या सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटवाल्यांना हे चटकन कळेल. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी चाळीस फूट झालं की सांगलीला इशारा, पण यांच्या दारात पाणी त्याच्या किती तरी आधी.

तर त्या दिवशी वायव्येचं वादळ होतं आणि भर अमावस्येची भरती. दुपारी महापालिकेचा निरोप आला की आज रात्री धक्क्यावर पाणी येण्याची शक्यता आहे, गाड्या हलवा. लोकांनी हलवल्या. शेजारच्या आजोबांनी तळघराच्या खिडकीला फळी लावली, वाळूच्या दोन पिशव्या टेकवल्या आणि टीव्हीवर फुटबॉल बघत बसले. मी मात्र पासपोर्टांची पिशवी, लॅपटॉप, तांदळाची गोणी आणि आईने दिलेल्या मेतकुटाच्या बरण्या कपाटाच्या वरच्या फळीवर चढवल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो हे लक्षात घ्या. नवऱ्याने घेतलंच.

मग मी ग्रुपवर विचारलं आणि वर सांगितलेलं उत्तर आलं.

या ग्रुपबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मला त्याचा जितका राग येतो तितकंच कौतुकही वाटतं. इथे गल्लीच्या तोंडाशी पाटीच असते, की या भागात शेजारी व्हॉट्सअॅपवर लक्ष ठेवून आहेत. चोराला आधीच सांगून ठेवलेलं बरं! ग्रुपचे नियम ठरलेले आणि देशभर साधारण सारखेच. आधी नीट बघा. मग ११२ ला फोन करा. मग ग्रुपवर लिहा, आणि पोलिसांना कळवलंय हेही लिहा, म्हणजे दहा जण तोच फोन करणार नाहीत. मग जमलं तर बाहेर या, दिवा लावा, त्या माणसाला "काही मदत हवी का?" विचारा. पण अंगावर जायचं नाही. तातडीचं नसेल तर पोलिसांचा वेगळा नंबर आहे, तिथे. शिव्या नाहीत, फॉरवर्ड नाहीत, माणसांचे फोटो नाहीत, आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे गप्पा नाहीत. सुप्रभात नाही, वाढदिवस नाही, एकादशीच्या शुभेच्छा नाहीत. आठ-आठ दिवस ग्रुपवर चिटपाखरू फिरकत नाही. आणि मग मध्यरात्री एकच ओळ येते: "पुलाजवळ दोघे सायकलींची कुलपं तपासतायत, ११२ ला कळवलं." खाली तीन अंगठे. पाच-दहा मिनिटांत गाडी येते. मी पडद्याआडून पाहिलंय.

आता दिवाळीतली गोष्ट. मिरजेचा एक विद्यार्थी इथे डेल्फ्टला शिकतो, त्याला मी फराळाला बोलावलं होतं. बिचारा आईने पाठवलेल्या चकल्यांचा डबा घेऊन आला आणि आमचं दार शोधत धक्क्यावरून हिंडत होता, घंटीशेजारची नावं वाचत. ग्रुपवर ओळ आली: "गडद जाकीट, पाठीवर सॅक, दारोदार थांबून नावं वाचतोय." रंगाबद्दल एक अक्षर नाही, नियमच तसा आहे, आणि नियम पाळलाही होता. मी लिहिलं, "तो आमचा पाहुणा आहे, त्याच्या सॅकमध्ये चकल्या आहेत." अंगठे आले. एका बाईंनी नंतर जिन्यात भेटून "चकल्या म्हणजे काय?" असंही विचारलं, म्हणून त्यांना वाटीभर दिल्या. सगळं छान. फक्त आदल्याच आठवड्यात कुरिअरवाला एक सोनेरी केसांचा पोरगा अशीच नावं वाचत फिरला होता, तेव्हा ग्रुप शांत होता. मी काही बोलले नाही. बोलायला तो ग्रुप नाहीच ना.

आणि इथे सगळं कसं सुरक्षित, असं कुणी काका लग्नात सांगत असतील तर त्यांनाही एक सांगून ठेवते. गेल्या काही वर्षांत या शहरात लोकांच्या दारापाशी रात्री स्फोट घडवण्याची साथ आली आहे. गुंडांची आपापसांतली देणीघेणी, जोरदार फटाक्यांसारखी स्फोटकं, आणि ती ठेवायला पंधरा-सोळा वर्षांची पोरं. कधी पत्ता चुकतो आणि भलत्याच्याच काचा जातात. सांगलीत कृष्णेकाठी मगर दिसली की पेपरात फोटो येतो आणि मावशी फोन करून विचारते, इकडे येताना भीती नाही का वाटत! मावशी, मगर निदान पत्ता बघून येत नाही.

पण मुद्दा तो नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला तेव्हा मी इथेच होते आणि आई-बाबा गावभागातल्या घरात. २००५ ला पाणी जिथवर आलं होतं ती रेघ बाबांनी तेल-रंगाने आखून ठेवली होती. त्या रेघेच्या वर हातभर जागा सोडून त्यांनी सामान लावलं. धान्याचे डबे, देव, माझ्या शाळेची प्रमाणपत्रं, शिवणयंत्राचं डोकं. आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रेघ पाण्याखाली गेली आणि हातभर जागाही. दोघं शेजारच्यांच्या गच्चीवर होते, लाइट नव्हती, मोबाइल गचके खात होता. साडेतीन तास मागच्या घड्याळात बसून माझ्याकडे एकच होतं, ते म्हणजे सांगलीतल्या आमच्या गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप.

त्या ग्रुपवर काय नव्हतं! कुणी "कोयना फुटली" म्हणून ठोकून दिलं. पत्र्यावर चढून बसलेल्या मगरीचा फोटो फिरला. मगर खरी होती, पण बेळगाव जिल्ह्यातली. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने पूर येतो की नाही, यावर दोन वकील आणि एक निवृत्त इंजिनिअर रात्रभर भांडले. मध्येच ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं काढणारी बोट उलटल्याची बातमी आली आणि ती मात्र खरी निघाली. पण त्याच गोंगाटात, मगर आणि अलमट्टीच्या मधोमध, कुणीतरी लिहिलं, "टिळक चौकातून एक बोट आत येतीय, आजारी माणसं असतील तर गच्चीचं नाव टाका." मी इथून टाकलं. बाबांच्या शुगरच्या गोळ्यांचं नावही टाकलं. दुपारपर्यंत गोळ्या पोचल्या. पोचवणाऱ्या पोराला ना मी ओळखत होते ना बाबा. कुणीतरी कुणाचातरी मावसभाऊ.

इथले नियम लावले असते तर तो निरोप कुठल्या रकान्यात बसला असता? आधी ११२? लागत होता कुणाला! कबूल, अफवांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांचा जीव अर्धा झाला. कबूल, इथे कुणी "दार तुटलं" असं लिहिलं तर त्याला तासाभरात ग्रुपबाहेर काढतील आणि ते बरोबरही असेल. पण त्यांना हे परवडतं, कारण पाण्याचं काम दुसरं कुणीतरी करतंय आणि ते होणार याची त्यांना खात्री आहे. आमच्या पुरावर सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल आला, तरी पुढच्या पुरात, म्हणजे २०२१ मध्ये, आईने पुन्हा डबे माळ्यावर चढवलेच.

आणखी एक, जे माझा नवरा सोयीस्कर विसरतो. इथलं पाणी समुद्राकडून येतं, भरतीबरोबर चढतं आणि ओहोटीबरोबर काही तासांत उतरतं. आमचं वरून येतं. एकीकडे कोयना, दुसरीकडे हरिपूरला येऊन मिळणारी वारणा, आणि एकदा बसलं की आठवडा-आठवडा हलत नाही. मागे ठेवतं तो गाळ, भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास आणि फुगून उघडेनाशी झालेली दारं. वाळूच्या दोन पिशव्या टेकवून फुटबॉल बघायला ते पाणी तसं असावं लागतं. साधी गोष्ट आहे, पण डच शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांना ती कधी आठवत नाही. मीही गाते, नाही असं नाही. फक्त समोर डच माणूस असताना गात नाही.

त्या रात्री पाणी आलं. दीडच्या सुमारास मी खाली जाऊन पाहिलं. धक्क्याच्या दगडांवर घोट्याएवढं, काळं, गार, दिव्यांच्या खांबांभोवती हलकेच हलणारं. एक बाई गमबूट घालून कुत्र्याला फिरवत होती. मला पाहून म्हणाली, "चारपर्यंत जाईल." हेच वाक्य ग्रुपवर लिहिलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? चारला गेलं. सकाळी पालिकेची गाडी येऊन काठावरचा कचरा उचलून गेली.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं तर तो पेटूनच उठला. हल्ली दादा-वहिनी सांगलीतच विश्रामबागच्या पुढे सोसायटीत राहतात आणि दादा त्यांच्या ग्रुपचा अॅडमिन आहे. पार्किंगमधून बॅटऱ्या चोरीला जातायत म्हणे. त्याला तश्शीच पाटी हवी, तस्सेच नियम हवेत, मी मराठीत लिहून पाठवावेत. आपल्याकडेही आता ११२ आहेच की, म्हणाला. मी रात्री बसून पाठवले. दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन.

"अगं, आधी ११२ ला फोन करायचा आणि मग ग्रुपवर टाकायचं, हे कसं जमायचं? तोवर पाटलीणबाई टाकून मोकळ्या झालेल्या असतात."

दादाने नियम टाकले. त्याखाली एकवीस जणांनी हात जोडले, दोघांनी सुप्रभात घातलं आणि एकाने विचारलं, "कोयनेतून विसर्ग किती सुरू आहे?" दादाने त्याला आकडा दिला.