तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लॉपच्या आधी किती वाढवायचं?

मी पोकर खेळतो हे कळलं की तीन पत्तीवाली मंडळी हमखास विचारतात, "फ्लॉप उघडायच्या आधी रेज नेमका कितीचा करायचा?" (फ्लॉप म्हणजे टेबलाच्या मधोमध सगळ्यांसाठी उघडली जाणारी पहिली तीन पानं, आणि रेज म्हणजे लावलेली रक्कम वाढवणं.) 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाल्यापासून विचारणारे बहुतेक गोव्याला निघालेले असतात. प्रश्न रास्त आहे. तीन पत्तीत चालीला नियमाचा लगाम असतो. नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात पानं बघण्याआधी दोघांना सक्तीने पैसे लावावे लागतात, त्यातली मोठी रक्कम म्हणजे बिग ब्लाइंड. कमीत कमी रेज या बिग ब्लाइंडच्या दुप्पट आणि तिथून पुढ्यातल्या शेवटच्या चिपपर्यंत मोकळं रान.

माझं उत्तर असं: तुमच्याआधी सगळ्यांनी पानं टाकून डाव सोडला असेल तर बिग ब्लाइंडच्या अडीच ते तीन पट. कुणी नुसता कॉल करून, म्हणजे न वाढवता तेवढेच पैसे घालून आत आलं असेल, तर अशा प्रत्येकामागे आणखी एक बिग ब्लाइंड.

समजा छोटा ब्लाइंड 100 आणि बिग ब्लाइंड 200 आहे. तुम्ही 400 केलेत, तर बिग ब्लाइंडवाल्याला फक्त 200 घालून 700 वर डोळा ठेवता येतो. पुढची बेटिंग बाजूला ठेवली तर त्याला जिंकण्याची 22 टक्के संधी पुरते, म्हणजे जवळजवळ कुठलीही पानं चालतात. 600 केलेत की त्याला 31 टक्के लागतात, 1000 ला 38. मग 1000 च का नको? कारण सगळे पळाले तरी हाती येणार ते दोन ब्लाइंडचे 300 च! 600 लावून तेवढे मिळवायचे तर तीनातून दोनदा सगळे पळाले की बरोबरी होते. 1000 लावलेत तर चारातून तीनदा पळूनही तोटाच.

हा हिशोब समोरचा हिशोबी असेल तर. मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर सुट्टीला आलेली माणसं पानं टाकायला आलेली नसतात. तिथे तिप्पट रेजला चार-चार कॉल येतात. एक्क्यांची जोडी एका कुठल्याही हाताविरुद्ध 85 टक्के वेळा जिंकते, चौघांविरुद्ध जेमतेम 56. अशा टेबलावर मी खुशाल चार-पाच पट करतो.

मात्र टेबल बघून आकडा बदलतो, हातातली पानं बघून नाही. एक्के आले की 1000 आणि बदामची आठ-नव्वी आली की 400, असं करणाऱ्याची पानं तासाभरात सगळ्यांना पाठ होतात. बटनवर, म्हणजे पानं वाटणाऱ्याच्या जागेवर बसलात तर थोडा कमी चालतो, कारण पुढे प्रत्येक फेरीत तुम्ही शेवटी बोलणार.

आधीच कुणी रेज केला असेल, तर त्याच्यानंतर बोलणाऱ्याने त्याच्या तिप्पट, ब्लाइंडमध्ये बसलेल्याने चौपट. आणि स्पर्धेत तुमच्याकडे दहाएक बिग ब्लाइंडच उरले असतील, तर हे सगळं विसरा. तीन पट केलंत की जवळपास तिसरा हिस्सा आत गेला, मग माघार कसली घेणार? सगळं लावा, नाहीतर पानं टाका.