आमची वाटचाल : पाकिटावर काय लिहायचं

२०१२ साली तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्या खोलीत सॅनिटरी पॅड बनवायचं मशीन उतरलं. केळापूर तालुक्यातलं आमचं गाव, जुन्या जिनिंगच्या मागची पत्र्याची खोली, बचत गटाच्या दहा जणी, बँकेचं कर्ज आणि वहिनीच्या दोन पाटल्या, एवढं भांडवल. मशीन कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी काढलेल्या धर्तीचं होतं. पल्प म्हणजे लाकडाचा लगदा दळायचं भांडं, पायाने दाबायचा प्रेस, सीलर आणि पॅड निर्जंतुक करायची यूव्ही किरणांची पेटी.

वहिनी म्हणजे माझी चुलत जाऊ, आणि या धंद्यातली माझी पहिली भागीदार. पल्पचा ताव हाताने फाडून भांड्यात टाकायचा, पाती फिरली की त्याचा पिंजल्यासारखा भुगा होतो. वहिनीने जन्मभर कापूस वेचलेला. ती तो भुगा चिमटीत धरायची, क्षणभर थांबायची आणि साच्यात सोडायची. बरोबर ६ ग्रॅम. मी कितीदा काट्यावर ठेवून पाहिलं, सुईत फरक पडायचा नाही. साच्याच्या कोपऱ्यात भुगा नीट बसला नाही तर पॅड दुसऱ्या तासाला मधून फाटतं, हे या कामातल्यांना सांगायला नको. वहिनी कोपरे आधी भरायची, पोट मागाहून.

पहिलं पाकीट गुलाबी होतं. डोक्यावर पदर आणि कपाळावर मोठं कुंकू असलेल्या बाईचं चित्र, आणि खाली माझ्याच हातची ओळ : ‘पाळी म्हणजे बाईपणाचा मान’. त्या ओळीचा मला केवढा अभिमान होता! पाळीला विटाळ म्हणणाऱ्या गावात मी ‘मान’ लिहिलं होतं.

एका रात्री वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात दोघी पाकिटं भरत होतो. वहिनीने एक पाकीट उजेडाशी धरलं आणि म्हणाली, “माही पिशवी तं बत्तिसाव्या वर्षीच काढली वं. मंग माहा मान बी गेला काय?”

मला काही बोलता आलं नाही. तीन महिने ती रोज त्या ओळीवरून हात फिरवत पाकिटं भरत होती, आणि मला एकदाही सुचलं नाही. आपल्या भागात तिशी-पस्तिशीत गर्भपिशवी काढलेल्या बाया प्रत्येक गल्लीत सापडतील. दुसऱ्या दिवशी उरलेल्या ११०० पाकिटांवर आम्ही कोरे स्टिकर चिकटवून ती ओळ झाकली.

दुसरा धक्का आमच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाइकाने दिला. २०१३ च्या हिवाळ्यात दुकान बंद करायच्या वेळेला तो आला. शर्ट-पँट, बारीक कापलेले केस, मालवाहू ऑटो बाहेर उभा. म्हटलं, बायकोसाठी घेत असेल. “दोन पाकिटं द्या ताई, मी घेऊन जातो.” पुढच्या महिन्यात आला, त्याच्या पुढच्याही. हळूहळू कळलं की तो बहिणीसाठी नाही आणि बायकोसाठीही नाही, स्वतःसाठीच नेतो. गावातल्या लोकांच्या तोंडी त्याच्यासाठी ‘ती’ होतं, त्याच्या तोंडी ‘मी जातो’. मराठीत क्रियापदालाच लिंग चिकटलेलं असतं, त्यामुळे बोलताना माणूस लपूच शकत नाही. मी त्याला भाऊ म्हणायला लागले ते तेव्हापासून. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केला, हे मला फार पुढे समजलं. भाऊ आमच्या फळीसमोर त्याच्या आधीच येऊन उभा होता.

वर्षभराने त्याने एकदाच विचारलं, “ताई, हे चित्र कायले टाकलं? पाह्यलं का वाटते, हे आपल्यासाठी नाहीच.” चित्र पाकिटावरून हटवायचं तर सिलिंडर, म्हणजे पाकिटाची फिल्म छापायचा कोरीव रूळ, नव्याने कोरावं लागणार होतं. मी म्हटलं, पुढच्या छपाईला बघू. आणि बघितलं नाही. हे मला आजही टोचतं.

मधली वर्षं कामात गेली. आशाताई, बाजारचे दिवस, शाळा. नॅपकिनवरचा १२ टक्के जीएसटी जुलै २०१८ मध्ये गेला तेव्हा आम्ही पेढे वाटले. पुढे लक्षात आलं की पल्प आणि फिल्मवर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे त्याची वजावट, आता मिळणार नाही. २०१९ मध्ये जनऔषधी केंद्रात १ रुपयाला पॅड आलं. गरीब घरांना त्याचा फायदाच झाला, आमच्या नफ्याची धार मात्र बोथट झाली.

आता २०२१ चं सांगते, कारण तिथेच आम्ही बुडत होतो.

मोठ्या शहरातली एक वितरण एजन्सी आमच्याकडे आली. ४० हजार पाकिटांची मागणी. अट एकच, पाकिटावर बाई नको, ‘महिला’ शब्द नको, ‘पाळी येणाऱ्या व्यक्तींसाठी’ असं छापा. त्यांची एक मुलगी दोन दिवस आमच्याकडे राहिली. समजावून सांगत होती की २०१९ मध्ये परदेशातल्या ‘ऑलवेज’ या पॅडच्या ब्रँडने वेष्टनावरून स्त्रीचं चिन्ह काढलं, म्हणजे ज्या कंपनीचा माल आपल्याकडे ‘व्हिस्पर’ नावाने मिळतो तिनेच. त्यावर तिकडे केवढा वाद झाला, जून २०२० मध्ये जे. के. रोलिंग या लेखिकेने ‘पाळी येणारे लोक’ या शब्दप्रयोगावर कसा आक्षेप घेतला, तेही तिने सांगितलं. पोरगी मनापासून बोलत होती. माझ्या डोळ्यांसमोर भाऊ होता. मी हो म्हटलं.

तीन रंग, तीन सिलिंडर, अडीचशे किलो छापील फिल्म. ९० हजार गेले. आगाऊ रक्कम ‘पुढच्या आठवड्यात’ येणार होती.

तालुक्याच्या गावी आमच्याच धंद्यातला एक जण आहे. नाव घेत नाही. त्याने आमच्या नव्या पाकिटाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला : ‘बायकांच्या वस्तूवरून बाईच गायब. हे पॅड कोणाचं?’ आठ दिवसांत चार दुकानदारांनी माल परत केला. एका गावात तर आशाताईला लोकांनी विचारलं, हे हिजड्यांचं पॅड आमच्या पोरींना कशाला देता? शब्द जसाच्या तसा लिहिते आहे, कारण ऐकलेला तसाच आठवतो. एजन्सीने गवगवा पाहिला आणि मागणी रद्द केली. ज्यांनी आम्हाला भाषा शिकवली, तेच पहिल्या वाऱ्याला पळाले. बँकेचा हप्ता दोनदा चुकला. वहिनीने उरलेली पोत काढून दिली.

त्या स्पर्धकाचा मला राग आहे आणि तो जायचा नाही. पण त्याच्या फोटोखाली बायांनी जे लिहिलं होतं ते मी सगळं वाचलं, आणि त्यातलं काही खरं होतं. गडचिरोलीत आजही पाळीच्या दिवसांत बायांना कुर्माघरात, म्हणजे पाळीसाठीच्या वेगळ्या झोपडीत राहावं लागतं. आमच्याकडे ‘बाहेरची’ म्हणून बाजूला बसवतात. हे सोसणं बाईच्याच वाट्याला आलं, बाई म्हणूनच आलं. ते सांगताना ‘व्यक्ती’ म्हटलं की सोसणारी पुसली जाते. शाळेत, ग्रामसभेत बोलताना मी ‘मुली’ आणि ‘बाया’च म्हणते, आणि म्हणत राहणार. शिवाय ‘व्यक्ती’ हा आपल्या कानाला सरकारी फॉर्मचा शब्द. आणि मराठीत तो स्त्रीलिंगीच! ‘ती व्यक्ती’. मग बाईपण झटकलं कुठे?

पण पाकीट म्हणजे भाषण नाही. ते फळीवर ठेवायचं असतं, कोणीतरी उचलायचं असतं. सहावीतली पोर स्वतःला महिला समजत नाही, पण पाळी तिला येते. वहिनी पक्की बाई, पण पाळी तिला नाही. भाऊला पाळी येते, आणि तो भाऊ आहे. आम्ही इतकी वर्षं पाकिटावर माणूस लिहीत होतो, वस्तू लिहीतच नव्हतो. इतर पाकिटांवर पाहा, ‘केअर’ आहे, ‘त्या दिवसांसाठी’ आहे. ‘पाळी’ हा शब्द किती पाकिटांवर सापडतो?

हे सुचलं ते भाऊमुळे. छापील फिल्मचे रोल पडून होते, तेव्हा तो ऑटो घेऊन आला. म्हणाला, “ताई, माल भरा. मी फिरतो.” वणी, पाटणबोरी, मारेगाव, पांढरकवड्याचा एसटी स्टँड. डिझेलचे पैसे त्याने तीन महिने घेतले नाहीत. परत आला की सांगायचा, चित्र नसलेलं पाकीट नवरे न लाजता उचलतात, बाया नवऱ्याला पाठवतात. वहिनीला हे पटलं नाही. “मंग लपवनंच झालं ना हे. आधी कागदात गुंडाळत होते, आता छापूनच गुंडाळलं.” त्या दोघांचा वाद आमच्या ओट्यावर रात्री अकरापर्यंत चालला. शेवटी वहिनीनेच खडूने फरशीवर लिहिलं : पाळीचे पॅड. भाऊने वाचलं आणि म्हणाला, “हे चालते.”

नवं सिलिंडर कोरायला पैसे नव्हते, म्हणून त्या अडीचशे किलो फिल्मवर ‘पाळी येणाऱ्या व्यक्तींसाठी’ ही ओळ झाकणारा स्टिकर लावला. स्टिकरवर मोठ्या अक्षरांत ‘पाळीचे पॅड’ हे दोन शब्द. शेवटचं पाकीट विकायला चौदा महिने लागले. ज्या दुकानदारांनी माल परत केला होता, त्यांच्यापैकी तिघे परत आले. चौथ्याकडे आम्हीच गेलो नाही.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगते. आगाऊ रक्कम खात्यात पडल्याशिवाय सिलिंडर कोरू नका, समोरचा कितीही चांगलं बोलो. पहिली दोन वर्षं कोरी फिल्म आणि स्टिकर. एकाच रंगात छापा. पावसाळ्यात पल्पचे ताव जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळीवर ठेवा आणि भिंतीपासून हातभर लांब. सीलरच्या पट्टीवरचं टेफ्लॉन पिवळं पडलं की बदला, जळेपर्यंत थांबू नका. नग, किंमत, महिना-वर्ष आणि पत्ता नियमाने छापावाच लागतो. पाकिटाला जागा थोडी असते, उरलेल्या जागेत उपदेश भरू नका. आणि ओळ छापण्याआधी ती आपल्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकीला वाचून दाखवा.

यंदा आम्ही पहिल्यांदा स्वतःच्या पैशांनी सिलिंडर कोरलं. एकच रंग, गडद निळा. प्रूफ आलं तेव्हा वहिनीने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं : पाळीचे पॅड, ८ नग. मग कागद उलटून मागची बाजू पाहिली. मागे आमचा पत्ता होता. “बरं हाय,” म्हणाली, आणि पल्पच्या भांड्याकडे गेली. भाऊचा ऑटो दुपारी येणार होता, त्याची २०० पाकिटं अजून भरायची होती.