लष्करात सगळेच सरदार

ग्वाल्हेरात जुन्या वाड्यावर इतिहासाची बैठक भरली की जमलेल्या प्रत्येकाचे पूर्वज सरदार निघतात. नाही तर मानकरी. अगदीच नाही, तर महादजी शिंद्यांच्या मर्जीतले तरी. १७६१ला पानिपतात पडलेले तर इतके, की मागे वंश चालवायला कोण उरलं असेल, असा प्रश्न पडावा.

परवाच्या बैठकीत देवडीत चपलांचा ढीग होता, चौकात सतरंजी आणि चिवड्याबरोबर गजक. यजमान काकांनी फडताळातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, सोडले. आत जहागिरीची सनद असणार, अशी घरात पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. मोडी वाचणारा मुलगा अडखळत वाचू लागला. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यात हात न उचलता घाईत लिहिलेलं. निघालं काय, तर वैरण, हरभरा आणि नालांचा जमाखर्च! काकांचा चेहरा उतरला. मला मात्र तिथूनच मजा यायला लागली.

१८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तो तळ उठलाच नाही, त्याचंच ग्वाल्हेरातलं ‘लष्कर’ नावाचं शहर झालं. सरदारांनी गल्ल्यांना आपली नावं चिकटवली: शितोळे साहब की गोठ, चिटणीस की गोठ, पाटणकर बाजार. टेम्पोवाले अजून ‘कंपू, कंपू’, म्हणजे छावणी, असं ओरडतात. पण फौज काय नुसत्या स्वारांची असते? घोडी सांभाळणारे मोतद्दार, घासकापे, नालबंद, पाणी भरणारे पखालजी, आचारी, हिशेब लिहिणारे कारकून असा केवढा तरी गोतावळा इथेच राहिला असणार. त्यांच्या नावाची गल्ली मला तरी कुठे दिसली नाही. मग त्यांची खापरपणतवंडं गेली कुठे? याच सतरंजीवर बसली असणार, सरदार होऊन.

घरातल्या आजींना हे सगळं ठाऊक असावं. “आमच्या यांचे पणजोबा वैरणीचे कारकून होते हो,” त्या सरळ म्हणाल्या. “सगळेच घोड्यावर बसले असते, तर घोड्यांना दाना-पानी कोणी घातलं असतं?”

एवढं झाल्यावर बैठक सैलावली. एका काकांना घरातली नाल ठोकायची जुनी हातोडी आठवली. दुसऱ्यांच्या घराण्यात एकदम मुदपाकखाना निघाला आणि त्यांच्याकडच्या पुरणपोळीचा खुलासा झाला. गजक संपली तरी कोणी उठेना.

घरी येऊन मी आत्याला आमच्याबद्दल विचारलं. ती ‘मानकरी’ म्हणाली. कसला मान, ते सांगायला अजून तयार नाही.